भोईटे सरांची चांगली ओळ

भोईटे सर मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. ते अजून आहेत, बारामतीतच आहेत, आणि हे कुणी त्यांना वाचून दाखवलं तर 'वाक्यं बसलेली आहेत' एवढंच म्हणतील.

'वाक्य बसलंय' हा त्यांचा शब्द. त्यांच्या लेखी वाक्यं दोनच प्रकारची, उभी आणि बसलेली; बसलेलं म्हणजे जीव नसलेलं. मी कॉलेजात मराठी शिकवायला लागले तेव्हा सर विभागप्रमुख होते आणि त्यांच्या कादंबऱ्यांचा जिल्ह्यात दबदबा होता. पांढरा झब्बा, त्याला सुरीसारखी इस्त्री, खिशात लाल पेन. आलेली लग्नपत्रिकासुद्धा ते लाल पेनानं तपासायचे. प्राचार्यांच्या मुलीची पत्रिका त्यांनी शुद्धलेखनाच्या चुका दाखवून शिपायाबरोबर परत पाठवली होती. लग्नाला मात्र गेले, जिलब्या मागून घेऊन खाल्ल्या, आणि आहेराचं कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, "पत्रिका तपासून दिली ना."

हे हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. आमच्या विभागात जगदाळे नावाचे एक गरीब स्वभावाचे सहकारी होते. त्यांची बायको गेली. महिन्याभरानं त्यांनी तिच्यावर कविता लिहिली आणि स्टाफरूममध्ये आम्हा तिघा-चौघांना वाचून दाखवली. वाचून झालं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "दुःख खरं आहे, जगदाळे. वाक्यं बसलीत." जगदाळ्यांनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि तो इवलासा चौकोन खिशात टाकून ते तासाला निघून गेले. त्यानंतर त्यांनी काही लिहिल्याचं मला माहीत नाही.

मी इंदापूरची. वडील लाइनमन होते. घरात बुद्धाची लहान मूर्ती आणि पुस्तकांचं लोखंडी कपाट. पहिल्याच दिवशी सरांनी माझं गाव विचारलं, वडिलांचं काम विचारलं, मग आडनाव पुन्हा एकदा सावकाश विचारलं. मी सरवदे म्हटलं. तेव्हा म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे पुस्तकं पहिल्याच पिढीत आली म्हणायची."

मी म्हटलं, "दुसऱ्या, सर. तुमच्याकडे?"

सर आमच्याच तालुक्यातल्या निरवांगी गावचे. शेतकऱ्याच्या घरातले, त्या घरातले पहिले मॅट्रिक. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'ओ बाई' झाले, ती कायमची.

आता मला मराठी शिकावंसं का वाटलं, तेही सांगते. अकरावीत असताना इंदापूरच्या वाचनालयातून मी सरांची पहिली कादंबरी आणली होती. आमच्या भागातल्या माणसांवर, आमच्या भाषेत पुस्तक निघतं, हेच मला माहीत नव्हतं. ती कादंबरी वाचली आणि माझं ठरलं. हे मी सरांना कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर सरांच्या रक्तातल्या साखरेनं त्यांचे डोळे खाल्ले. आधी पेपर वाचता येईना, मग माणसं ओळखता येईनात, शेवटी उजेड आणि अंधार एवढंच राहिलं. बायको आधीच गेलेली, मुलगा कॅनडात, दोन्ही वेळेचा डबा बाहेरून. अशात पुण्याच्या एका प्रकाशकानं त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या नव्यानं काढायचं ठरवलं. जुने छापील मजकूर कुणीतरी सरांना वाचून दाखवायचे, ते सांगतील त्या दुरुस्त्या करायच्या आणि शेवटचा मजकूर प्रकाशकाला द्यायचा, असं काम होतं. प्रकाशकाच्या माणसानं सरांच्या आवडत्या विद्यार्थ्यांना विचारलं. एकही तयार होईना. मग माझ्याकडे आला. मी हो म्हटलं. त्या पहिल्या कादंबरीसाठी म्हटलं.

रोज सकाळी मी त्यांच्या घरी जायची. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की सरांना स्वतःचं लिहिलेलं काहीही आठवत नाही. डोकं शाबूत होतं. इतरांच्या पुस्तकांतली पानंच्या पानं पाठ होती. स्वतःची मात्र त्यांनी छापून आल्यावर कधी उघडलीच नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माणूस आपली उलटी बघत बसतो का, बाई?"

त्यामुळे ते स्वतःची पुस्तकं परक्यासारखी ऐकायचे. खुर्चीच्या हातावर बोट ठेवून बसायचे. वाक्य आवडलं की बोट वर व्हायचं. नाही आवडलं की म्हणायचे, "थांबा. हे कुणी घातलं?"

"तुम्हीच, सर."

"मी असलं लिहिणार नाही. छापणाऱ्यानं घातलंय."

एकदा तर मीच मधे वाक्य घुसडते असा त्यांना संशय आला. पावसाचं वर्णन होतं, फारच लाडिक. "हे बायकी आहे," ते म्हणाले, "हे तुमचं आहे." मी उघडं पुस्तक त्यांच्या नाकाखाली धरलं. त्यांनी जुन्या कागदाचा वास घेतला, पानावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "हं. पुढं चला."

पण न्यायानं सांगायचं तर काही सकाळी वेगळ्याही होत्या. एका कादंबरीत चुलीवरून दूध उतरवताना हात भाजलेली आई होती, आणि ती पोरांना कळू नये म्हणून भाजलेला हात पाठीमागं धरून वाढत होती. ते ऐकताना सरांचं बोट वर झालं आणि वरच राहिलं. "मी लिहिलं हे?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. हरवलेलं जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात दिसावं तसा चेहरा झाला होता. त्या दिवशी त्यांनी मला बसून चहा घ्यायला लावला. मला वाटलं, म्हातारा इतका काही वाईट नाही.

पहिली कादंबरी आम्ही शेवटी घेतली. तिच्यात कस्तुरा नावाची एक बाई आहे. नायकाच्या धाकट्या भावाची बायको, पुढच्या दातांत फट असलेली, ओढ्याकाठच्या घरात राहणारी, सारखी हसणारी. ती येते त्या पानावर ही ओळ आहे: 'तिच्या हसण्याच्या सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नव्हतं, ज्यानं नांगर घातला, जमीन त्याची.'

सरांचं बोट वर झालं. "परत."

मी परत वाचलं.

"अजून एकदा, सावकाश." मग ते मान मागे टाकून हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "ओ बाई, हे वाक्य नुसतं उभं नाही, चालायला लागलंय. विसरलो होतो मी. मागच्या कव्हरवर हीच ओळ घ्यायला सांगा."

मी म्हटलं, मला हे वाक्य घाण वाटतं. ते म्हणाले, शेण घातल्याशिवाय पीक येत नाही. कस्तुरा कोण होती, असंही मी विचारलं. ते म्हणाले, कोण म्हणजे? कादंबरीतली बाई. आणि ते खरंच सांगत होते, हे मला आजही वाटतं. त्यांना आठवत नव्हतं.

त्यानंतर दिवसभर ते ती ओळ तोंडात घोळवत राहायचे. डबा घेऊन येणाऱ्या माणसालाही त्यांनी ती ऐकवली.

त्याच सुमारास निरवांगीच्या ग्रामपंचायतीनं वाचनालयाची नवी खोली बांधली आणि उद्घाटनाला सरांना बोलावलं. हाताला धरून न्यायला कुणीतरी हवं, म्हणून मी गाडीत बसले. दारात एक म्हातारी बाई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. बुटकी, पांढऱ्या केसांची, आणि पदराचं टोक तोंडापुढं धरलेलं. तिनं एका हातानं ओवाळलं, दुसरा हात पदरावरून हलवला नाही. सरांनी विचारलं, कोण आहे? सरपंचांनी सांगितलं, "कमलकाकी. तुमच्या शंकररावांच्या मंडळी."

शंकरराव म्हणजे सरांचे धाकटे भाऊ, काही वर्षांपूर्वी वारलेले. सर म्हणाले, "बरी आहेस ना गं?" तिनं मान हलवली. ते त्यांना दिसणार नव्हतं. ते आत गेले.

भाषणात सरांनी वाचनाचं महत्त्व सांगितलं, गावाच्या मातीचं ऋण सांगितलं. मग म्हणाले, याच मातीतून मला एक ओळ मिळाली होती, ती इतक्या वर्षांनी पुन्हा सापडली, ती तुम्हालाच पहिल्यांदा ऐकवतो. आणि माईकवर, प्रत्येक शब्द सुटा करत, त्यांनी ती म्हटली.

मागच्या रांगेत म्हातारे बसले होते. त्यांच्यातला एक खोकल्यासारखं हसला. दुसरा कुणीतरी हळूच म्हणाला, "सातबारा." मग ते हसू रांगेतून रांगेत पुढं आलं. तरण्या पोरांना काही कळलं नव्हतं. ती शेजारच्यांना विचारत होती, शेजारचे कानात सांगत होते. बायकांच्या बाजूला सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. कमलकाकी शेजारणीच्या गुडघ्याचा आधार घेऊन उठल्या आणि भिंतीकडेनं चालत बाहेर गेल्या.

सरांना वाटलं, ओळ पोचली. त्यांनी ती दुसऱ्यांदा म्हटली.

मी त्यांना स्टेजवर तसंच सोडलं आणि बाहेर आले. कमलकाकी खोलीच्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मी कोण, काय करते, ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजी ते पुस्तक परत निघतंय."

मग त्या बोलत गेल्या. पुस्तक पहिल्यांदा आलं तेव्हा गावात एकाच्या हाती पडलं, आणि एकाच्या हाती पडलं म्हणजे सगळ्यांच्या. दातांतली फट, ओढ्याकाठचं घर, धाकट्याची बायको, ओळखायला काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून त्यांचं नाव 'सातबारा' पडलं. त्या लासुर्ण्याच्या बाजाराला निघाल्या तरी मागून हाक यायची. पोरगा शाळेत मारामारी करून यायचा आणि कशावरून ते सांगायचा नाही. त्या हसायच्या थांबल्या. पदर तोंडाला लागला तो लागलाच.

"मालकांनी हात न्हाय उचलला कदी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. नुसतं इचारायचे. मी रानातनं आले, पान्यावरनं आले, माहेरास्नं आले, की जेवताना खाली बघून इचारायचे, आज कुनाचा नांगर. मरुस्तवर इचारलं."

मी विचारलं, सरांनी असं का लिहिलं असेल? त्यांनी जे सांगितलं त्याची मला कल्पनाही आली नसती.

लग्न होऊन त्या नव्यानंच घरात आल्या होत्या. मोठे दीर, म्हणजे सर, पुण्यात शिकत होते, सुट्टीला आले होते, आणि त्यांनी आयुष्यातली पहिली गोष्ट लिहून आणली होती. ओसरीवर सगळ्यांना बसवून वाचून दाखवली. बैल मरतो अशी गोष्ट. सासरे डोळे पुसत होते. कमलकाकी चहा घेऊन आल्या आणि नेमकं तेव्हाच बैल मरताना मालकाशी बोलायला लागला.

"बैल म्हनतो," कमलकाकींनी पदर बाजूला केला, मान ताठ केली आणि आवाज जाड केला, "'धनी, या देहाचे पांग फिटले. आता मला निरोप द्यावा.'" आणि त्या हसल्या. दातांतली फट दिसली. "अवो बाई, बैल आन् मास्तरासारखा बोलतोय. मला दम निगंना. मी हसले, ते बघून नणंद हसली, मग सासरे बी हसले डोळं पुसता पुसता. भावजींनी कागद गुंडाळला आन् उठून गेले. दुसऱ्या दिशी पुण्याला. माजं चुकलं असंल. पन बैल असा बोलंल व्हय?"

मलाही हसू आलं. आम्ही दोघी त्या पायरीवर हसलो, आणि आत टाळ्या वाजल्या तशा त्यांचा पदर पुन्हा वर गेला.

"तुमी वाचून दावता न्हवं त्यांला?" त्या म्हणाल्या. "मग तेवढं काढा. नातसुना येतील आता घरात."

परतताना गाडीत मी सरांना सगळं सांगितलं. सातबारा हे नाव, शंकररावांचा प्रश्न, सगळं. ते ऐकत होते. लासुर्णं मागं पडलं. मग म्हणाले, "हसली होती ती."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत नाही. माझी पहिली गोष्ट होती. वडील रडत होते, बाई. माझे वडील कधी रडले नव्हते. ती आली आणि हसली." आणि त्यांनी ती जागा म्हणायला सुरुवात केली. बैलाचे डोळे, गोठ्यातला कंदील, मालकाचा हात, आणि बैलाचं ते वाक्य. ती गोष्ट कुठंही छापलेली नव्हती. त्याच रात्री फाडून टाकली होती असं ते म्हणाले. स्वतःच्या एवढ्या पुस्तकांतली एक ओळ ज्यांना आठवत नव्हती, त्यांना ही शब्द न शब्द पाठ होती.

"मास्तरासारखा बोलतो असं म्हणाली ना अजूनही?"

"म्हणाल्या."

"अडाणी बाई," सर म्हणाले.

मी म्हटलं, आणि शंकरराव? ते म्हणाले, शंकर पहिल्यापासून संशयी होता. मग त्यांनी काच वर करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी ओळ काढायची गोष्ट काढली. मला वाटलं होतं, भांडतील. पण ते म्हणाले, काढून चालणार नाही, तिथं खड्डा पडेल, बदलून बघू. दोन-तीन सकाळी ते नवी वाक्यं सांगत होते आणि मी लिहून परत वाचून दाखवत होते. तिचं हसणं ओढ्यासारखं होतं. तिचं हसणं उघड्या दारासारखं होतं. प्रत्येक वाक्याला ते स्वतःच म्हणायचे, "बसलं." त्यांच्या कपाळावर घाम यायचा. शेवटी हात झटकून म्हणाले, "जुनीच ठेवा."

"नाही, सर."

"पुस्तक माझं आहे. असं एक वाक्य तुम्हाला जन्मात लिहिता आलं असतं, तर काढा म्हणाला नसतात."

"बैलाची गोष्ट तुम्ही फाडलीत," मी म्हटलं. "तिथं लोक तुम्हाला हसले होते. इथं कमलकाकींना हसतात, म्हणून ही ठेवायची."

त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर निश्चल होतं. ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मी प्रकाशकाला फोन करून सगळं कळवलं. त्यांना वाईट वाटलं, पण मजकुराबाबत लेखकाचा शब्द अखेरचा, असं म्हणाले. पुढचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं. पुस्तक आलं. सुबक आलं. मागच्या कव्हरवर, सरांच्या फोटोखाली, ती ओळ.

हे कमलकाकींना बाहेरून कळू नये म्हणून मी निरवांगीला गेले. त्या गोठ्यापुढं वैरण टाकत होत्या. मी मान खाली घालून सांगितलं, काही जमलं नाही, ओळ राहिली. त्यांनी हातातली पेंढी सोडली, विळा बाजूला ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आता समदा मुरूम निगालाय हितं. कोन नांगर घालतंय." मग त्यांनी मला जेवूनच जायला लावलं. नातू मोबाइल घेऊन आला आणि आजीला काहीतरी दाखवायला लागला, तेव्हा त्या पदराआड हसल्या असाव्यात. खात्री नाही.

सरांना मी त्यानंतर एकदाच बघितलं. याच उन्हाळ्यात, चष्म्याचा नंबर तपासायला बारामतीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. बाकांवर गर्दी होती. सर टोकाला बसले होते. झब्बा चुरगळलेला. शेजारी लोणी देवकरच्या कारखान्यातला एक कामगार होता, डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला, त्यावर पट्टी. सर त्याच्याकडे वाकून काहीतरी सांगत होते. मी जवळून गेले तेव्हा ऐकू आलं. गोठ्यातला कंदील. मालकाचा हात.

मी थांबले.

"आता नीट ऐका," सर त्याला म्हणाले, आणि बैलाचं वाक्य त्यांनी शांतपणे, कसलाही अभिनय न करता म्हटलं. "इथं तुम्हाला काय वाटतं?"

कामगार भिडस्त होता. "चांगलं हाय की, आबा," म्हणाला. पण बोलता बोलताच त्याला हसू फुटलं आणि त्यानं ते खांद्यात दाबलं.

सरांनी ते ऐकलं. ते रागावले नाहीत. त्याच्याकडे आणखी वाकून म्हणाले, "कुठल्या शब्दावर हसलात? नेमका शब्द सांगा."

तेवढ्यात आतून कामगाराचं नाव पुकारलं गेलं. तो उठला आणि एका डोळ्यानं वाट काढत आत गेला. सरांना ते कळलं नाही. रिकाम्या जागेकडे कान करून, उत्तराची वाट बघत ते तसेच वाकून बसले होते.